गिरमिट, उचल आणि हंगामी व्हिसा

(खुलताबाद येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच मराठवाड्यातील वाड्यावस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. पत्र्याची पेटी, बाजरीचे पोते, चार भांडी, एखादी शेळी आणि कडेवरचे लेकरू एवढा संसार ट्रकमध्ये चढतो आणि घराला कुलूप लागते. म्हातारी माणसे ओसरीवर मागे उरतात. सोलापूर-धुळे रस्ता याच खुलताबाद तालुक्यातून जातो. असे ट्रक कधी पाहिलेच नाहीत असा माणूस या पंचक्रोशीत सापडणे कठीण. दृश्य इतके सरावाचे झाले आहे की त्यामागे काही व्यवस्था आहे, तिला काही इतिहास आहे, असा विचारही सहसा मनात येत नाही.

आजचा विषय वरवर पाहता या ट्रकपासून फार दूरचा आहे. हंगामी कामाच्या व्हिसावर परदेशी मजूर आणणे, हा तो विषय. श्रीमंत देशांना शेतीच्या आणि फळबागांच्या हंगामापुरते हात हवे असतात. मिळणाऱ्या मजुरीत ते काम करायला त्यांची स्वतःची माणसे तयार नसतात. मग तेथील सरकार परक्या देशातील मजुराला काही महिन्यांचा परवाना देते. त्याने यावे, द्राक्षे, सफरचंदे, स्ट्रॉबेरी तोडावी आणि हंगाम सरताच परत जावे. कुटुंब आणू नये, स्थायिक होऊ नये, आणि बहुतेक ठिकाणी ज्या मालकाच्या नावावर परवाना निघाला त्याला सोडून दुसरीकडे जाऊ नये. अमेरिकेत या व्हिसाला एच-२-ए म्हणतात. २०२३ च्या आर्थिक वर्षात त्याखाली पावणेचार लाखांहून अधिक जागांना मंजुरी मिळाली. ब्रिटनने २०१९ मध्ये अडीच हजार मजुरांपासून आरंभ केला आणि चार-पाच वर्षांत हा आकडा ४५ हजारांच्या आसपास नेला. इटली दरवर्षी सरकारी फर्मान काढून हंगामी मजुरांचा कोटा जाहीर करते.

याची चर्चा खुलताबादेत कशासाठी? कारण २ नोव्हेंबर २०२३ रोजी भारत आणि इटली यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला आणि त्या कोट्यात भारतीय हंगामी मजुरांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या: २०२३ साठी ३ हजार, २०२४ साठी ४ हजार, २०२५ साठी ५ हजार. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तो हंगामी कामाचा नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण परदेशी नोकरीच्या जाहिरातीत असा भेद कोणी ठेवत नाही, आणि त्या जाहिराती आता तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचल्या आहेत. बारावी झालेला, दीड एकर कोरडवाहूचा वारस असलेला मुलगा ती वाचतो तेव्हा त्याला सल्ला देणारे घरात कोणी नसते.

तसे परक्या मुलखातून मनुष्यबळ आणण्याचे प्रकरण या गावाला नवे नाही. मलिक अंबरची कबर येथेच आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलामांच्या बाजारात एकाहून अधिक वेळा विकला गेलेला हा हबशी दख्खनेत आला आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत निजामशाहीचा आधारस्तंभ बनून राहिला. विकत घेणाऱ्याने तलवार चालवणारा हात घेतला होता. त्या हाताबरोबर डोकेही आले, ही गोष्ट खरेदीखतात लिहिलेली नव्हती! मनुष्यबळ आयात करणाऱ्या प्रत्येक राज्याची अडचण हीच असते. हवे असते बळ, येतो मनुष्य. हंगामी व्हिसा ही त्या अडचणीवर आधुनिक राज्यांनी काढलेली युक्ती आहे.

ती युक्ती कशी घडत गेली, हे समजून घ्यायला उसासारखे पीक नाही. उसाला पाणी फार लागते हे मराठवाड्याने सोसून शिकले आहे. उसाला माणसेही फार लागतात. तोडलेल्या उसातील साखर तासातासाने उतरू लागते, कारखान्याचे गाळप थांबवून चालत नाही, म्हणून चार-सहा महिने अक्षरशः हजारो हात एकाच वेळी लागतात. नंतर त्यातल्या बहुतेकांची गरज उरत नाही. जगात जेथे जेथे ऊस गेला, तेथे तेथे मालकांनी शोध घेतला तो अशा मजुरांचा, ज्यांना हंगामात काम सोडता येणार नाही.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली आणि मॉरिशसचे मळेवाले हवालदिल झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून निघालेले ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज ३६ भारतीय मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढच्या सुमारे पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्या चिमुकल्या बेटावर उतरवले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरी, सातारा, सावंतवाडीकडचे मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांनी तेथे मराठी जपली, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, हे अभिमानाने सांगितले जाते ते योग्यच आहे. पण ते लोक कोणत्या कागदावर गेले, हेही त्याच वेळी सांगायला हवे. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी गिरमिट झाले. मुदत साधारणतः पाच वर्षांची. मालक बदलण्याची मुभा नाही. काम सोडले तर दिवाणी दावा नव्हे, फौजदारी शिक्षा. मॉरिशसमध्ये तर असा नियम होता की एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापावी. ‘दुहेरी कपात’ हेच त्याचे नाव. हा नियम ध्यानात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

या पद्धतीवर कायदेमंडळात पहिला मोठा घाव घातला तो एका मराठी माणसाने. नेमस्त म्हणून ज्यांची चेष्टा करण्याची आपल्याकडे रीत होती, त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबवावी असा ठराव आणला आणि तो सरकारला मान्य करावा लागला. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी गिरमिट पद्धतच सर्वत्र बंद करावी असा ठराव मांडला. तो सरकारी मतांच्या जोरावर फेटाळला गेला. गोखल्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा होता: करार दोन समानांमध्ये होतो. अक्षरशत्रू मजुराने न पाहिलेल्या देशात, न पाहिलेल्या मालकासाठी, मोडल्यास तुरुंग अशा अटीवर उठवलेला अंगठा हा करारच नव्हे. तेथे मजुराचे हाल होतात, हा मुद्दा इतरांनीही मांडला होता. गोखल्यांनी बोट ठेवले ते खुद्द कागदावर. १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी तोच ठराव पुन्हा मांडला तेव्हा व्हाइसरॉय हार्डिंज यांना तो तत्त्वतः स्वीकारावा लागला. १९१७ मध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीमधील उरलेली गिरमिटे रद्द झाली. गोखले ते पाहायला हयात नव्हते.

गिरमिट गेले, ऊस राहिला. १९४३ पासून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या साखरपट्ट्यात जमैका आणि शेजारच्या बेटांवरून ऊसतोडे आणले जाऊ लागले. १९५२ च्या कायद्याने त्यांच्या व्हिसाला एच-२ हे नाव मिळाले. आजचा एच-२-ए त्याचाच वारस. १९८० च्या दशकात दरसाल आठ-दहा हजार जमैकन तरुण हातात कोयता, पायाला आणि हाताला पत्र्याचे संरक्षक कवच अशा वेषात तेथे ऊस तोडत. कागदावर त्यांना चांगली हमी होती: किमान मजुरी, राहण्याची सोय, जाण्यायेण्याचे भाडे. प्रत्यक्षात कामाचा वेग मुकादमाच्या मनास आला नाही, तर मजुराची पाठवणी व्हायची आणि पुढच्या हंगामात त्याला बोलावणे येत नसे. १९८६ च्या नोव्हेंबरात मजुरीच्या दरावरून काम थांबवणाऱ्या शेकडो मजुरांना पोलिसांनी कुत्री सोडून बराकीबाहेर काढले आणि तसेच विमानात बसवून परत धाडले. त्यांच्या कपड्यांच्या पेट्याही मागेच राहिल्या. पुढे कमी दिलेल्या मजुरीबद्दल दावे सुरू झाले. मग १९९० च्या दशकात तेथील कारखान्यांनी हाताने ऊस तोडणे बंद करून यंत्रे आणली. एवढी वर्षे यंत्राने तोडणी परवडत नाही असे सांगितले जात होते. मजूर न्यायालयात जाऊ लागल्यावर ती परवडू लागली.

आता पुन्हा आपल्या ट्रककडे येऊ.

महाराष्ट्रात आठ ते दहा लाख माणसे ऊसतोडणीला जातात, असा सर्वसाधारण अंदाज सांगितला जातो. बीड जिल्हा यात आघाडीवर. जालना, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, खानदेश यांचाही वाटा. फडात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला कोणी घेत नाही, घेतले तर तो अर्धा कोयता. (जनगणनेच्या कोणत्याही तक्त्यात न आढळणारे हे परिमाण आहे.) पावसाळ्यात घरात दाणा नसतो, मुलीचे लग्न असते, आजारपण असते, तेव्हा मुकादम येतो आणि कोयत्यामागे उचल देतो. ही रक्कम आता लाखाच्या घरात गेली आहे. जानेवारी २०२४ च्या तडजोडीनंतर तोडणीचा दर टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. ३४ टक्क्यांची ही वाढ मोठी म्हणावी अशीच होती. तरी हिशेब करून पाहावा. एक लाखाची उचल ३६६ रुपये दराने फेडायची तर २७३ टन ऊस तोडावा लागतो. नवरा-बायकोने मिळून दिवसाला दोन टन तोडला, तर त्याला १३७ दिवस लागतात. एकही दिवस न चुकवता. म्हणजे कारखान्याचा पट्टा पडेपर्यंतचा बहुतेक सगळा हंगाम आधीच खाल्लेल्या पैशासाठी. जनावरांसाठी विकलेल्या वाढ्याचे चार पैसे हातात पडतात, त्यावर मीठमिरची चालते. हिशेबात बाकी निघाली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते.

आणि एक दिवस चुकला तर? त्याला खाडा म्हणतात. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर पाचशे रुपयांपर्यंत कपात मांडली जाते. मॉरिशसची दुहेरी कपात ती हीच. फरक एवढा, की तेथे ती गोऱ्या मळेवाल्याच्या कायद्यात छापलेली होती, येथे ती मुकादमाच्या वहीत असते. या खाड्याचा धाक बायकांच्या देहापर्यंत गेला. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्याचा आढावा घेतला. पाहणीतील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागची कारणे एकच नाहीत. लहान वयातील बाळंतपणे, फडावर पाण्याची व शौचालयाची वानवा, त्यातून जडणारे आजार, कर्करोगाची भीती घालणारे खासगी दवाखाने, असे पुष्कळ काही आहे. पण पाळीचे दिवस म्हणजे खाड्याचे दिवस, हा हिशेबही त्यात आहे, आणि तो बायकांनीच सांगितलेला आहे.

मुकादमाला खलनायक ठरवणे सोपे आहे, ते टाळले पाहिजे. तो बहुधा याच गावांतला, कधीकाळी स्वतः कोयता चालवलेला माणूस असतो. कारखाना आणि वाहतूक ठेकेदार यांच्याकडून त्यानेही उचल घेतलेली असते. टोळी पैसे घेऊन पळाली तर त्याची जमीन जाते, आणि तशा घटना घडत असतात. कारखाना म्हणतो, मजूर आमचा नव्हे, मुकादमाचा. मुकादम म्हणतो, मी फक्त मध्यस्थ. तीन स्तरांच्या या रचनेत मालक म्हणून बोट दाखवावे असा माणूसच शिल्लक राहत नाही, आणि रचनेचे खरे प्रयोजनही तेच आहे.

कायदा काय म्हणतो? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. दोन्हींचा पाया एकच: मजुराने राज्याची सीमा ओलांडलेली असली पाहिजे. कन्नड तालुक्यातील जोडपे बेळगाव जिल्ह्यातील कारखान्यावर गेले तर ते स्थलांतरित कामगार. कोल्हापूर जिल्ह्यात थांबले, तर कायद्याच्या दृष्टीने ते कोठे गेलेलेच नाही. लेकराची शाळा मात्र दोन्ही ठिकाणी सारखीच बुडते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले, तेव्हा शासनाला त्यांची मोजदाद करावी लागली. त्यानंतरच ग्रामसेवकांमार्फत नोंदणी, ओळखपत्रे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ, संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहे यांना थोडी गती आली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. पावले योग्य दिशेची आहेत. वेग मात्र बैलगाडीचा आहे.

आता याच महाराष्ट्रातील एक निराळे चित्र पाहू. हंगामी परदेशी मजूर आपल्याकडेही येतो, याची अनेकांना कल्पना नसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या हापूस बागांत राखण, फवारणी, आंबा उतरवणे ही कामे आता मोठ्या प्रमाणावर नेपाळी माणसे करतात. कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारी नौकांवर नेपाळी खलाशी असतात. आंब्याचा हंगाम सरला, पावसाची चाहूल लागली की बागांतील मंडळी गावी परततात. त्यांना व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ मैत्री करारानुसार एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, काम करण्याची, व्यापाराची मोकळीक आहे. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. नेपाळी गड्याला एका बागायतदाराशी पटले नाही तर तो पलीकडच्या वाडीत जातो. त्याला अडवणारा कोणताही कागद बागायतदाराजवळ नसतो. म्हणून चांगल्या गड्याला टिकवायचे तर पगार, राहण्याची खोली आणि बरे वागणे याशिवाय मालकाला उपाय नाही. कोकणातले बागायतदार याविषयी कुरकुर करतात, आणि ती कुरकुर हे निरोगीपणाचे लक्षण आहे.

पण याच मजुराची दुसरी बाजूही आहे. तो कोणाच्या दप्तरात नाही. झाडावरून पडला, नौकेवरून समुद्रात गेला, तर त्याचा वारस कोण, भरपाई कोणी द्यायची, हे शोधणे दुरापास्त होते. अमेरिकेत एच-२-ए वर गेलेल्या मेक्सिकन मजुराचे नेमके उलटे आहे. त्याची नोंद असते, फुकट निवास असतो, करारातील किमान तीन चतुर्थांश कामाचे पैसे देण्याची हमी असते. फक्त मालक सोडता येत नाही. म्हणजे एकाला मोकळीक आहे पण नोंद नाही, दुसऱ्याला नोंद आहे पण मोकळीक नाही. आणि मराठवाड्याचा ऊसतोड्या? स्वतःच्या राज्यात, मतदार यादीत नाव असलेला हा नागरिक उचलीमुळे मालक सोडू शकत नाही, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नावही नसते. दोन्हींतले काहीच त्याच्या वाट्याला आलेले नाही. मॉरिशसच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची दप्तरे जतन केलेली आहेत. त्यांत मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण असे सारे लिहिलेले आहे. त्यावरून लोक आज आपले कूळ शोधत भारतात येतात. साम्राज्याने ते मजुरावरच्या प्रेमापोटी लिहिले नव्हते, त्याने पळून जाऊ नये म्हणून लिहिले होते. तरी लिहिले होते. आपल्या फडावर १९७२ च्या दुष्काळानंतर किती जन्म झाले, किती मृत्यू झाले, याचे असे एकही दप्तर दाखवता येणार नाही.

ही दोन मापे हातात घेऊन मग इटलीच्या जाहिरातीकडे पाहावे. त्या देशाच्या शेतीत मुकादमासाठी एक खास शब्द आहे, ‘कापोराले’. मजूर गोळा करणारा, वाहनात भरून शेतावर नेणारा, त्यांच्या मजुरीतून आपला हिस्सा कापणारा. ही प्रथा इतकी बोकाळली की २०१६ मध्ये तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. रोमच्या दक्षिणेला लातीना परिसरात पंजाबमधून गेलेले हजारो भारतीय भाजीपाल्याच्या शेतात राबतात. २०२४ च्या जूनमध्ये त्यांच्यातील एका तरुणाचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी घराजवळ टाकून देण्यात आले, आणि दोन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. त्याच्याजवळ कामाचे वैध कागद नव्हते. त्यावर इटलीभर संताप उसळला.

पुढच्याच महिन्यात उत्तरेकडील व्हेरोना प्रांतात पोलिसांनी ३३ भारतीय शेतमजुरांची सुटका केली. त्यांना हंगामी कामाच्या परवान्यावर आणण्याचे आश्वासन होते. त्यासाठी प्रत्येकाकडून १७ हजार युरो ठरले होते. कोणी जनावरे विकली, कोणी घर गहाण टाकले, उरलेली रक्कम तेथे काम करून फेडायची. तासाला चार युरो, दिवसाला दहा-बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, आणि ही मजुरीही कर्ज फिटेपर्यंत हातात नाही. पासपोर्ट काढून घेतलेले. पोलिसांनी ज्यांच्यावर आरोप ठेवले ते म्होरके इंग्रज नव्हते, इटालियन नव्हते, भारतीयच होते. परमुलखात आपलाच माणूस आपल्याला सांभाळील, या भरवशावर गावाकडचा मुलगा पैसे मोजतो. उचल देणारा मुकादमही गावचाच असतो. विश्वास हाच या धंद्याचा कच्चा माल आहे.

ब्रिटनची व्यवस्था तुलनेने बरी. तेथे मजूर सरकारमान्य संस्थांमार्फतच येतो, आणि २०२३ पासून आठवड्याला किमान ३२ तासांच्या कामाची हमी आहे. तरीही तेथे गेलेल्या इंडोनेशियन मजुरांपैकी अनेकांनी मध्यस्थांना हजारो पौंड दिल्याचे उघड झाले. मुक्काम सहा महिन्यांचा, आणि कर्ज त्याहून लांब मुदतीचे.

म्हणजे व्हिसा वाईट आणि कोणी परदेशी जाऊच नये, असा याचा अर्थ काढण्याचे कारण नाही. घरापासून दूर जाऊन चार पैसे मिळवण्याचा हक्क फक्त संगणक अभियंत्यांना आहे काय? पुण्याच्या मुलाला कॅलिफोर्नियात नोकरी मिळाली की पेढे वाटायचे आणि खुलताबादच्या मुलाने इटलीत द्राक्षे तोडली की नाक मुरडायचे, हा दुटप्पीपणा सुशिक्षित घरांनी सोडला पाहिजे. शिवाय प्रश्न निकडीचा होत चालला आहे. २०२३ मध्ये राज्यात ऊसतोडणी यंत्रांच्या खरेदीला अनुदान देण्याची ९०० यंत्रांची योजना आली. यंत्रामागे ३५ लाखांपर्यंतचे अनुदान आहे. फ्लोरिडात जे घडले ते येथे त्याच वेगाने घडेलच असे नाही. आपली शेते लहान, बांध जवळजवळ, आणि उसाच्या सऱ्या यंत्राला सोयीच्या नाहीत. पण दिशा तीच आहे. कोयत्याचे काम आटू लागले, की कोयत्याच्या घरातील शिकलेले मूल मुंबई-पुण्याकडे पाहील, तसे मिलान आणि माद्रिदकडेही पाहील.

त्याच्या घरच्यांनी आणि त्याला सल्ला देणाऱ्यांनी माहीत करून घ्याव्यात अशा गोष्टी फार नाहीत. १९८३ च्या परदेशगमन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत दलालांची आणि बोगस म्हणून कळवल्या गेलेल्यांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. दलालाला मजुराकडून घेता येणारे शुल्क ३० हजार रुपये अधिक कर एवढेच आहे. पाच लाख, दहा लाख हा आकडा कोणी उच्चारला, की तेथेच उठावे. दहावी न झालेल्याला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी आणि दहा लाखांचा विमा सक्तीचा आहे. इटली, ब्रिटन त्या यादीत नाहीत. म्हणजे सौदी अरेबियाला जाणाऱ्या गवंड्याची जी तपासणी होते, ती इटलीच्या शेतावर जाणाऱ्याची होत नाही. युरोप सुसंस्कृत, तेथे फसवणूक कशी होईल, या समजुतीवर ही यादी उभी आहे काय, हे विचारण्यासारखे आहे. जुन्या कायद्याच्या जागी नवा आणण्यासाठी २०२५ मध्ये विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. सूचना करणाऱ्यांत मराठवाड्यातील किती संस्था होत्या, हे त्या संस्थांनीच स्वतःला विचारावे.

करार घरी वाचून दाखवता येईल अशा भाषेत मागून घ्यावा. त्यात मालकाचे नाव आणि शेताचा पत्ता आहे का, काम नसेल त्या आठवड्याचे काय, राहण्याचे पैसे कापणार का, मालक बदलता येतो का आणि कोणाच्या परवानगीने, एवढे पाहिले तरी निम्मी पारख होते. व्हिसाच्या कागदावरचे नाव आणि प्रत्यक्ष काम देणाऱ्याचे नाव वेगळे असेल तर जाऊ नये. इटलीत अनेकांची फसगत नेमकी येथेच झाली. ज्याच्या नावावर परवाना निघाला तो मालक विमानतळावर आलाच नाही, करार झालाच नाही, आणि वैध मार्गाने आलेला मजूर काही आठवड्यांत अवैध ठरला.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. ऊसतोडणीला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद हंगामापूर्वी ग्रामसेवकाकडे झाली आहे का, उचलीचा आकडा मुकादमाच्या वहीखेरीज आणखी एका कागदावर आहे का, गरोदर बाईचे कार्ड तिच्याबरोबर गेले का, मागे राहिलेले मूल हंगामी वसतिगृहात आहे की म्हातारीच्या ओसरीवर, हे पाहायला एक वही आणि दोन संध्याकाळी पुरतात. त्याच वहीत शेवटचे पान परदेशी गेलेल्यांसाठी ठेवावे. मुलाच्या पासपोर्टची प्रत, कराराची प्रत, मालकाचा पत्ता, दलालाचा नोंदणी क्रमांक आणि त्या देशातील भारतीय वकिलातीचा दूरध्वनी. हे कागद मुलाच्या मोबाइलमध्ये असतात, आणि मोबाइल मुलाबरोबर जातो. म्हणून त्याची एक छापील प्रत आईजवळ, पत्र्याच्या पेटीत असावी.